आकाशपाळण्याची निरीक्षणपत्रिका

सोमवार, ७ एप्रिल. सकाळी ६.४०
चिरंजीव आणि सूनबाई ऑफिसच्या ट्रेनिंगला पाच आठवडे बाहेरगावी जाणार. मुलं कोणाकडे ठेवायची यावर म्हणे विचार चालू आहे. विचार कसला? मी इथे आहे. दोन खोल्या रिकाम्या आहेत. चौतीस वर्षं शाळेत काढली, त्यातली अकरा सुपरवायझर म्हणून. दुसऱ्या बाजूला विहीणबाई आहेत. त्या प्रेमळ आहेत. त्यांच्याबद्दल कोणालाही विचारा, एवढंच सांगतात. दुसरं सांगण्यासारखं काही नसावं.

संध्याकाळी ५. सूनबाईचा फोन. म्हणाली, रविवारी ठरवू आई, मुलांना काय वाटतं तेही बघू. मुलांना काय वाटतं! मोठी नऊ वर्षांची, धाकटा सहाचा. आमच्या कॉन्व्हेंटमध्ये आम्हाला काय वाटतं ते सिस्टर सांगत.

मंगळवार, ८ एप्रिल
संकल्प: शनिवारी मुलांना मी एकटी घेऊन जाणार. नदीकाठी ते नवं ऑब्झर्वेशन व्हील झालं आहे, तिथे. लोक त्याला आकाशपाळणा म्हणतात. पाळण्यात तान्ही मुलं घालतात. ही शैक्षणिक सहल आहे. काचेची बंद केबिन, एक चक्कर अर्ध्या तासाची, उंची एकशे वीस मीटर. विहीणबाई मुलांना काय देतात? मांडी.

चिरंजीवाला कळवलं. म्हणाला, अगं आई, तू गॅलरीतसुद्धा उभी राहत नाहीस. त्याला सांगितलं, गॅलरीत ऊन असतं. तळमजल्यावर राहते, कारण माणसाचे पाय जमिनीवर असावेत. शाळेत तिसऱ्या मजल्यावरचे वर्ग घेतले नाहीत, ते ज्युनियर शिक्षिकांना अनुभव मिळावा म्हणून. तो हसला. हल्ली फोनवर फार हसतो.

बुधवार, ९ एप्रिल. दुपारी ४
निरीक्षणपत्रिका तयार. दहा प्रश्न, दोघांना सारखेच. वर सूचना: जे दिसेल तेच लिहावे, मनचे घालू नये. पूर्ण वाक्ये. समास दोन बोटांचा. हे रविवारी सूनबाईपुढे ठेवलं की प्रश्नच मिटला.

तपासायला वेळ लागणार नाही. तासाला साठ पेपर हा माझा रेकॉर्ड. नव्या शिक्षिका ओळ न् ओळ वाचत बसायच्या आणि डोकं धरायच्या. त्यांना मी सांगे, बायांनो, पेपर वाचायचा नसतो, बघायचा असतो. अक्षर, समास, खाडाखोड. मूल कळतं. दहापैकी दहा मात्र कोणालाही नाहीत. कुठेतरी चूक असतेच.

शुक्रवार, ११ एप्रिल
झोप नीट लागली नाही. उशी. आज खुर्चीवर चढून माळ्यावरची पिशवी काढणार होते. काढली नाही. पिशवी तितकीशी चांगली नाही.

शनिवार, १२ एप्रिल. सकाळी ९.३०
सूनबाई मुलांना सोडून गेली. जाता जाता म्हणाली, आई, वर जायच्या आधी धाकट्याला एकदा बाथरूमला नेऊन आणा हं. मला सांगते. माझ्या हाताखालून हजारो मुलं गेली. एकाचीही बाथरूम राहिली नाही.

दुपारी ३.१०
सहल यशस्वी. काही किरकोळ गोष्टी नोंदवून ठेवते.

रांगेत धाकटा बाथरूम बाथरूम करत होता. नंबर आला होता. म्हटलं, अर्ध्या तासाने काही बिघडत नाही. ते चाक माणसं चढतानाही थांबत नाही. हलत्या वस्तूत चढायला लावणं हा शुद्ध उद्धटपणा. एक मिशीवाला ऑपरेटर तिथे उभा. मला म्हणतो, उचला आजी पाय, उचला, मागे लोक आहेत. मी विचार करत होते. माणसाने विचार करू नये का? शेवटी मोठीने हाताला धरून ओढलं. मोठ्यांना असं ओढू नये हे तिला आतच सांगितलं.

केबिनमध्ये आमच्याशिवाय एक जोडपं. वर उजेड फार. चारी बाजूंनी काच, त्यात पायाखालीसुद्धा थोडी काच, कशासाठी देव जाणे. डोळ्यांना त्रास होऊ लागला म्हणून मिटले. बाक गुळगुळीत होता म्हणून खाली बसले. खाली बसणं पाठीला चांगलं. जोडप्यातल्या बाईंचा पाय जवळ होता, तो धरला. त्यांनी हरकत घेतली नाही. निदान सुरुवातीला.

दाराजवळ लाल बटण होतं. फक्त तातडीच्या वेळी, असं मोठीने वाचून दाखवलं. तातडी होतीच. मी दाबलं. बटण दाबलं की खाली उतरवतील असं कोणाही शहाण्या माणसाला वाटेल. त्यांनी चाक थांबवलं. तेही नेमकं टोकावर. काय हे डिझाइन! मग बावीस मिनिटं तिथेच. मधे स्पीकरवर तो मिशीवाला: केबिन चौदामधल्या आजींनी बटणावरचा हात काढावा, त्याशिवाय चाक सुरू होणार नाही. हे चार वेळा. सगळ्या केबिनना ऐकू गेलं. शेवटच्या वेळी त्याने कृपयासुद्धा गाळलं.

या काळात धाकट्याने पँट ओली केली. सहा वर्षांचा घोडा. अशा वेळी तिथल्या तिथे बोललं नाही तर सवय लागते, म्हणून सगळ्यांसमोर बोलले. म्हटलं, हा भित्रा आहे, आईवर गेलाय, याच्यामुळेच मला बटण दाबावं लागलं. जोडपं धाकट्याकडे बघायला लागलं. म्हणजे माझ्याकडे बघायचं थांबलं. मोठीने स्वतःचा स्वेटर काढून त्याच्या कमरेला बांधला. नवा स्वेटर! तिलाही बोलले. धाकटा मात्र रडला नाही. माझ्या बोलण्याचा परिणाम.

खाली आल्यावर मिशीवाल्याने व्हीलचेअर आणली. मी नको म्हटलं. बसले, कारण त्याने आणलीच होती.

संध्याकाळी ६
जेवणाच्या टेबलावर मुलांकडून पत्रिका लिहून घेतल्या. मोठी पाऊण तास लिहीत होती, मान वर नाही. मधेच विचारलं, आजी, जे दिसलं तेच लिहायचं ना? म्हटलं, तेच. मनचं काही नाही. मान डोलावून पुन्हा लिहायला लागली. अशी मुलगी पाच आठवडे माझ्या हाताखाली राहिली तर हिचं सोनं होईल.

तपासल्या. दोन्ही मिळून चार मिनिटं. मोठीचं अक्षर म्हणजे मोत्याचे दाणे, समास सरळ, एक खाडाखोड नाही. ९/१०. लाल शाईने शेराही दिला. धाकट्याने नुसतं चित्र काढलंय, तेही समासाबाहेर. ४/१०. दोन्हींचे फोटो घरच्या ग्रुपवर टाकले. वर लिहिलं: सहलीचा वृत्तान्त, मुलांच्याच शब्दांत.

सूनबाई मुलांना न्यायला आली, तेव्हा फोन बघितला नसावा. धाकटा तिच्या मागे लपला. बघा, घरी जाऊ नये असं त्याला वाटत होतं.

रविवार, १३ एप्रिल. सकाळी ८
ग्रुपवर सगळ्यांनी पाहिलंय. उत्तर कोणाचंच नाही. भारावले असतील. फक्त विहीणबाईंनी रडका चेहरा पाठवला. मत्सर, दुसरं काय.

दोन्ही खोल्या झाडून घेतल्या. पलंगांवर नव्या चादरी. पाच आठवड्यांचं वेळापत्रक दाराला चिकटवलं. पावणेसहाला उठणे. बाथरूमच्या वेळा ठरवून दिल्या आहेत, म्हणजे कालच्यासारखं व्हायला नको. कोणी म्हणू नये की मी शिकत नाही.

दुपारी १२.१५
चिरंजीव आला. एकटाच. धाकट्याची ओल्या कपड्यांची पिशवी राहिली होती, ती न्यायला. बस म्हटलं, बसला नाही. दारावरचं वेळापत्रक उभ्यानेच वाचलं. मग विचारलं, आई, ते ग्रुपवर टाकण्याआधी तू वाचलं होतंस का? म्हटलं, तपासलंय. म्हणाला, तपासलंयस ते दिसतंय, लाल शाई आहे, वाचलंस का? असले प्रश्न विचारायला मी त्याला शिकवलेलं नाही.

मुलं विहीणबाईंकडे जाणार. उद्याच. मी म्हटलं, मुलांना काय वाटतं ते बघणार होतात ना, विचारलंत का त्यांना? म्हणाला, विचारायची वेळच आली नाही आई, त्यांनी लिहून दिलंय, तूच नऊ मार्क दिलेस.

उघड आहे, विहीणबाईंनी आधीच कान भरलेले. दाराला वेळापत्रक तसंच ठेवलं आहे. प्रेमळ लोकांचा मुलांना आठवडाभरात कंटाळा येतो.

सोमवार, १४ एप्रिल. सकाळी ११
मुलं गेली असतील. फोन नाही. चादरींना सुरकुतीसुद्धा पडलेली नाही. चष्मा पुसला, पत्रिका घेऊन बसले.

प्रश्न ३, कोणकोणते आवाज ऐकू आले? उत्तर: आजी मोठ्याने रडत होती. स्पीकरमधले काका आजीला ओरडत होते. धाकटा आवाज न करता रडत होता.

प्रश्न ७, प्रवासात कोणी कोणाला मदत केली? उत्तर: मी धाकट्याचा हात धरला. आजीने एका मावशींचा पाय धरला. मावशी सोडा म्हणाल्या तरी आजीने सोडला नाही.

प्रश्न १०, सर्वांत उंचावर पोचल्यावर काय दिसले? उत्तर: आजी खाली बसली होती. ती डोळे मिटून धाकट्याला भित्रा म्हणत होती. तो तिच्याकडे बघत होता.

समोर लाल शाईत माझं अक्षर: निरीक्षण उत्तम. असेच लिहीत राहा.

धाकट्याच्या चित्रात एक मोठा गोल आहे, गोलात लाल ठिपका, ठिपक्यावर हात. मनगटावर माझं घड्याळ. काटे बरोबर दाखवलेत. समासाबाहेर गेलं आहे ते डबकं आहे. शनिवारी मला ती शाई वाटली.

मोठीचा एक मार्क कशाचा कापला होता ते शोधायला घेतलं. ओळ न् ओळ वाचली. मग पुन्हा पहिल्यापासून.

चूक सापडली नाही.