मेक्सिको व्हाया अकोला

२ मार्च
निर्णय झाला. मेक्सिको. तिथे इंग्रजी शिकवणाऱ्यांची टंचाई आहे, असं मोबाइलवर वाचलं. अमरावतीत केशवराव सरांच्या स्पोकन इंग्लिश क्लासमध्ये शिकवून काय मिळालं? घसा गेला. अर्ज टाकला. आजपासून रोज दोन तास स्पॅनिश.

३ मार्च
स्पॅनिश उद्यापासून. डोकं दुखतंय.

५ मार्च, सकाळी
मेल आली! ‘अर्जाबद्दल आभार, लवकरच संपर्क करू.’ म्हणजे झालंच. नको असतो तर आभार कशाला मानले असते? गीतांजलीला आनंद नाही. म्हणे, "आधी कागद हाती येऊ द्या, मंग नाचा." बायकोने असं बोलावं? मेहुण्याला, मनोजला, सांगितलं. फक्त त्यालाच.

७ मार्च
चौकात फ्लेक्स लागला. गॉगलमधला मी, बाजूला विमान, खाली मनोज माझ्यापेक्षा मोठा. ‘मेक्सिको येथे प्राध्यापकपदी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन.’ मनोजवर ओरडणार होतो. पण फोटो चांगला आलाय.

१० मार्च
राजीनामा दिला. फ्लेक्स लागल्यावर क्लासला कोणत्या तोंडाने जाणार? शाल, श्रीफळ, सत्कार. केशवराव सर दोन शब्द बोलायला उठले आणि रडले. मीही. आचल पहिल्या रांगेत टाळ्या वाजवत होती. पोरगी दुसरीत आहे, अख्ख्या शाळेला सांगून बसलीय. आता मागे फिरता येणार नाही.

२५ मार्च
मेल नाही. जो भेटतो तो, "सर, गेले नाही का अजून?" दूध आणायलाही तोंडाला दुपट्टा बांधून जातो. ऊन आहे म्हणून खपतं.

२ एप्रिल, अकोला
जोपर्यंत बोलावणं येत नाही तोपर्यंत दीपमालाताईकडे. गीतांजलीला माहीत आहे. ती स्टेशनवर आली नाही. बाकी सगळे बडनेऱ्यापर्यंत सोडायला आले. हार घातले, मुंबईच्या गाडीत बसवलं. अकोल्याला उतरलो. खोटं काही नाही, गाडी मुंबईचीच होती. ताई म्हणाली, "राह्य बापा पाहिजे तितके दिवस, पन गच्चीवर जाऊ नको."

५ एप्रिल
आचलला व्हिडिओ कॉल. पडदे ओढून मेक्सिकोची रात्र केली. तयारी म्हणजे तयारी. तिने विचारलं, तिथं गरमी आहे का? म्हटलं, खूप. मग ती माझ्या मागे बघत गप्प झाली. नेटवर्क असेल.

१८ एप्रिल
इंटरव्ह्यू झाला! एका मेक्सिकन मुलीला ऑनलाइन शिकवून दाखवायचं होतं. पूर्ण वेळ जोरात शिकवलं. मध्येच तिने तोंड उघडलं, तर म्हटलं डाउट शेवटी. माझ्या क्लासमध्ये आजवर एक पोरगं बोललेलं नाही. याला शिस्त म्हणतात. काम झालं समजायचं.

२१ एप्रिल
नकार. कारण काय, तर तासात विद्यार्थिनी एक वाक्यही बोलली नाही. अरे, फी ती देणार आणि बोलायचंही तिनेच? मग सर कशाला? जाऊ दे. चिली बघतो.

२३ एप्रिल
चिली नाही बघितलं. दिवसभर कूलरसमोर पडून. खूप थकलो. ताई म्हणाली, "जा आता घरी. पोरगी वाट पाहून राह्यली."

३० एप्रिल, अमरावती
परत आलो. सर्वांना सांगितलं, हवामान मानवलं नाही. लोक हळहळले. माझा फ्लेक्स आता टरबुजाच्या गाडीवर सावलीला आहे. केशवराव सरांनी क्लासवर ‘मेक्सिको रिटर्न’ अशी पाटी लावायचं काढलंय. मी नको म्हटलं नाही.

आचलला अकोल्याहून बाहुली आणली होती. मेक्सिकोची म्हणून दिली. तिने घेतली. आई स्वयंपाकघरात गेल्यावर जवळ येऊन हळूच म्हणाली, "पप्पा, आत्याच्या कूलरवर मी चिकटवलेला हत्ती अजून तसाच आहे."

पहिल्याच कॉलला दिसला होता तिला. "मी कोनालेच नाही सांगतलं. आईलेबी नाही. शाळेत सांगतलं, मेक्सिकोत लय गरमी असते म्हनून."

लाज वाटली. पुढे ती बरंच काही सांगत होती, मैत्रिणी काय काय विचारायच्या आणि ती काय काय सांगायची ते. मी तिला शेवटपर्यंत बोलू दिलं.