घटस्फोटाविरुद्धचे माझे भाषण

भिसेगाव, मार्गशीर्ष वद्य तृतीया, शके १८५३

माझ्या लेकीच्या, गोदूच्या लग्नात मुलींनी मीच रचलेली मंगलाष्टके म्हटली होती, तो कोवळा सूर आज दिवसभर कानात आहे. एकेक कडवे वृत्तात कसे चोख बसवले होते! आणि चार वर्षांत जावयाने आपल्या गावी, चौकला, दुसरी बायको केली नि पोर माझ्याकडे परत पाठवली.

बडोद्यात घटस्फोटाचा कायदा झाल्यापासून आमच्या वाचनालयात तोच वाद. रविवारी मला कायद्याविरुद्ध बोलायचे आहे. शाळेत जन्मभर कविता शिकवल्या, म्हणून लोकांना वाटते मी संसारावर गोड बोलेन. संध्याकाळी गोदू भाजी चिरत होती, तिला भाषण वाचून दाखवले. 'लग्नाची गाठ सुटत नाही, सुटूही नये,' या वाक्याला तिची विळी थांबली.

"छान हो, अण्णा. टाळ्या पडतील," ती म्हणाली. "पण त्या गाठीचं एक टोक माझ्या गळ्यात आहे. दुसरं कुणाच्या हातात आहे, तेही सांगाल ना लोकांना?"

काय सांगू? तिला मोकळी करा म्हणायला जीभ उचलत नाही. आणि बांधून ठेवा म्हणायला तरी...

इतके लिहिले तोच कडी वाजली. दारात बोचके घेतलेली एक पोरसवदा बाई.

"गोदूताई इथंच राहतात ना? मी चौकची, त्यांची सवत. मलाही घराबाहेर काढलं."

मी उंबऱ्यातच अडून राहिलो. मागून गोदूचा आवाज आला, "अण्णा, बाजूला व्हा. तिला आत येऊ द्या."