होडीवरचे ल आणि ग

३ जानेवारी

आली एकदाची! टेम्पोत पालथी, दोरखंडाने आवळलेली. अंगणात दोन लाकडी घोड्यांवर ठेवून टेम्पोवाला गेला. जाताना दादाचा निरोप सांगून गेला — नीट दुरुस्त कर, घाई नको. घाई नको! स्वतःच्या घरामागे वर्षानुवर्षं कुजत टाकली, तेव्हा कुठे घाई होती?

नोकरीला लागल्यावर आम्ही दोघा भावांनी हौसेनं घेतलेली ही शिडाची होडी. घेतली दोघांनी, पण सगळे म्हणायचे 'दादाची होडी'. कारण मागे सुकाणूचा दांडा धरून बसायचा तो. मी पुढे. शीड ओढ, पाणी उपस, वाक, डोकं सांभाळ. तळ्याच्या मध्यावर कवितेची एखादी ओळ सुचली तरी पुटपुटायची सोय नव्हती. मागून लगेच, "एक मात्रा कमी पडतेय बघ."

तळावरून हात फिरवला. निळ्या रंगाखाली हिरवा, हिरव्याखाली तांबडा. जिथे कुजलं तिथे दादाने रंग फासला. जन्माची रीत त्याची.

४ जानेवारी

हिने विचारलं, आता कपडे कुठे वाळत घालू? मी म्हटलं, होडीवर. दिवसभर अबोला.

६ जानेवारी

सुतार ठरवला. स्वयंपाकघरातली कपाटं करतो. होडीला कधी हात लावलेला नाही, पण आत्मविश्वास असा की आगबोटही बांधून देईल. चहुबाजूंनी फिरला आणि म्हणाला, "काका, पालथं कपाटच की हे. दारं तेवढी नाहीत."

दुपारी दादाचा फोन. खरवडताना प्लायवुडचे पापुद्रे उडवू नकोस. इपॉक्सी गोंद उन्हात कालवू नकोस, भांड्यातच दगड होईल. मला माहीत नाही जसं काही! मग मुद्द्यावर आला.

"पाण्यात सोडशील त्या दिवशी मला बोलाव, बाळ्या. दांडा मी धरणार."

सत्तरी उलटलेल्या माणसाला बाळ्या! हं म्हणालो. मनात म्हणालो, या वेळी नाही. एकदाच, पण मागे मी बसणार. पुढे काय ते त्याने बसावं आणि डोकं सांभाळावं.

९ जानेवारी

खरवडतोय. नाकातोंडात रंगाचा भुगा. पितळी स्क्रू निघाले तिथे दादाने लोखंडी मारलेले! ते गंजले आणि गंजाने भोवतीचं लाकूड खाल्लं. मागच्या दोन फासळ्यांत पटाशी लोण्यात शिरावी तशी शिरली. सुतार हसत होता. मला रडू येत होतं.

१० जानेवारी

आज मात्र दिवस छान गेला. कुठलं प्लायवुड धड, कुठलं कुजकं, हे ठोकून बघायचं होतं. लाकडी हातोडी घेतली. धड फळी ठणकन वाजते आणि नाद जरा रेंगाळतो. कुजकी नुसतीच भद्द — वाजली न वाजली.

आणि एकदम अण्णा समोर उभे राहिले. वडील आमचे शाळामास्तर. वृत्तं शिकवायचे ती बाकावर पट्टी आपटून. लांब तो गुरू, आखूड तो लघू. दोन इयत्ता एकाच खोलीत; दादा पहिल्या बाकावर, मी तिसऱ्या. मला अख्ख्या कविता पाठ, पण गण पाडायला उभा केला की घाम फुटायचा. दादाला कविता एक येत नसे, गण मात्र धडाधड पाडायचा! अण्णांची शाबासकी त्यालाच.

मग काय, खडू घेऊन अख्ख्या होडीचे लघू-गुरू मांडले. वाजेल त्यावर ग, भद्द म्हणेल त्यावर ल. संध्याकाळी लांब उभा राहून पाहिलं. पालथी पडलेली कविता! वृत्त कुठलंच नाही, पण निदान या वेळी चुका काढायला मागे कोणी नव्हतं.

१२ जानेवारी

सत्यानाश.

सकाळी डोळ्यांचे थेंब आणायला गेलो होतो. परत आलो तर सुताराने उजव्या अंगाचं अख्खं प्लायवुड कापून काढलेलं. सगळ्यात चांगलं! ठणठणीत! आणि कुजकं सगळं जागच्या जागी. मला बघून वर म्हणतो, काका, काम फत्ते.

मी ओरडलो, हे का कापलंस?

"तुम्हीच लिहिलंय की ग. ग म्हणजे गळकी."

"मग ल म्हणजे काय?"

"लाकूड चांगलं."

ग म्हणजे गुरू, ल म्हणजे लघू, असं सांगू लागलो आणि माझं मलाच हसू आलं. तो शांतपणे करवत पुसत म्हणाला, "मग क लिहायचं ना काका, कुजकी!"

ही ओट्यापाशी तोंडाला पदर लावून उभी होती. आठ दिवसांनी हसली, तीही यावर.

१३ जानेवारी

हिनेच दादाला फोनवर सगळं सांगितलं. तो खोकला येईपर्यंत हसला. मग मला फोनवर बोलावून म्हणाला, "आपल्या घरात कुणी केली नसती ही चूक." त्याला अण्णा आठवले असावेत. एवढ्यात म्हणतो, "पितळी स्क्रू वापर हो या वेळी." या वेळी! लोखंडी मारले कुणी? फोन ठेवून दिला.

२१ जानेवारी

कुजकंही काढून नवं प्लायवुड चढवलं. दोन्ही कडा तिरक्या तासायच्या, एकीवर एक बसवायच्या, मध्ये इपॉक्सी, वरून शिकंजे आवळायचे. सांधा असा बसला की बोटाला कळत नाही. रंध्याचे शेवटचे दोन हात मी स्वतः मारले. सुतार आडवा आला नाही. वाळेपर्यंत होडीशेजारी बसून जुन्या कविता म्हटल्या. मोठ्यानं. मात्रा कमी पडल्या असतील तर पडोत.

२ फेब्रुवारी

रंग. एकच, पांढरा. खाली काही लपवलेलं नाही.

६ फेब्रुवारी

परवा पाण्यात. हिला सांगितलं, दांडा मी सोडणार नाही. ही म्हणाली, "अहो, भाऊजींना आता धड चालवत नाही. एका काठीवरून काय भांडताय या वयात?"

काठी! कॉलेज त्याने निवडलं, अण्णांच्या मागे घर विकायचं त्याने ठरवलं, या होडीवर रंगही त्याच्याच मर्जीचा. मी कायम पुढे वाकलेला. काय बोलायचं ते आरशासमोर म्हणून पाहिलं. दादा, आज तू पुढे. एवढंच. आवाज दोनदा फाटला.

८ फेब्रुवारी

होडी पाण्यात. आत थेंब नाही. दादा यायच्या आतच मी मागे जाऊन बसलो, दांडा घट्ट धरून. तो आला, काठी टेकत, आणि धक्क्यावरच थांबला. मी म्हणालो, दादा, आज तू पुढे. तो म्हणाला, नको, तूच जा, मी इथून बघतो. मी विचारलं, का? होडी उतरवायला आलेला सुतार लांब आहे हे बघून तो खाली वाकला.

"मला पोहता येत नाही, बाळ्या. कधीच येत नव्हतं. दांडा धरला की हात कापतात ते दिसायचं नाही."

शिडात वारा होता. धक्क्याचा दोर सोडायला माझ्याच्याने झालं नाही.