निवत्या भट्टीचे दार दोन दिवस बंद राहू देण्याबाबत

प्रति,
माननीय बाजार व अग्निरक्षण अधिकारी,
अक्विलेया नगरी

विषय : काचेचे भांडे निवत असताना भट्टीचे दार उघडण्यास आपल्या तपासनिसास मनाई करणेबाबत.
संदर्भ : माझ्या दारावर ठोकलेली आपली पाटी, 'माल तडकलेला. विक्री बंद.'

महोदय,

१. माझे पती अब्दास हे सिदोनहून येऊन येथील बंदराच्या रस्त्यावर एकतीस वर्षे काच फुंकत होते. गेल्या महिन्यात ते वारले. जाण्यापूर्वी त्यांनी मला बजावले, "प्रोकुला, माझी राख कुंभाराच्या मडक्यात घातलीस तर भूत होऊन मानेवर बसेन. काचेत ठेव, आणि ती काच तूच फुंक." फुंकायला मला त्यांनीच शिकवले आहे. सबब त्यांचे अस्थिपात्र करणे मला भाग आहे.

२. फुंकलेले भांडे गरम असतानाच दुसऱ्या, मंद भट्टीत ठेवून, दार लिंपून, दोन दिवस हळूहळू निवू द्यावे लागते. मध्येच गार वारा लागला की ते तडकते. हे बंदरावरच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. आपले तपासनीस लार्गस यांस नाही.

३. सदर लार्गस आगीची तपासणी म्हणून आले आणि ऐन उत्तरेच्या वाऱ्यात त्यांनी दाराचे लिंपण फोडले. मी ओरडले, "अहो, आत भांडं निवतंय!" ते म्हणाले, "बंद दार म्हणजे लपवाछपवी, बाई. आम्हाला नका शिकवू." आत टिचकन आवाज झाला. पुढच्या आठवड्यात दुसऱ्या भांड्याचीही हीच गत झाली.

४. यावर आपल्या कार्यालयाने काय करावे? वरील पाटी ठोकली. दाद मागायला आले तर कारकुनाने सांगितले, की माल नेमका केव्हा तडकतो हे कळावे म्हणून यापुढे भट्टी रोज सकाळ-दुपार उघडली जाईल. उघडणार कोण, तर लार्गस. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या! या हुकमाप्रमाणे तिसरे भांडे काल सकाळी गेले.

५. पितरांचे दिवस तीन दिवसांवर आले. सारे गाव आपापल्या माणसांच्या थडग्यांवर वाइनमध्ये भिजवलेला पाव, मीठ आणि जांभळी फुले नेईल. माझा माणूस मात्र स्वयंपाकघरात, खारवलेल्या मासळीच्या मडक्यात पडून आहे. मडके कुंभाराचेच. मला तिकडे बघवत नाही, आणि आपल्या कार्यालयाचा मला भयंकर संताप आला आहे. हे अर्जाची भाषा सोडून लिहीत आहे. क्षमा नको आहे.

६. चौथे भांडे आज सकाळी फुंकून आत ठेवले. पाचव्यापुरता दम माझ्या छातीत उरलेला नाही. तरी परवा सकाळपर्यंत दाराला कोणीही हात लावू नये, ही विनंती. हा अर्ज मी त्याच दाराला पाठ लावून लिहीत आहे. पाठ भाजते आहे, पण उठणार नाही. लार्गस यांस त्याआधी पाठवायचेच असेल तर त्यांना प्रथम मला ओढून बाजूला करावे लागेल. माझे वजन पाहता त्यांच्यासोबत चार माणसे द्यावीत.

आपली, अद्याप नम्र,
कान्तिया प्रोकुला

फेब्रुवारी, इदेसला, म्हणजे महिन्याच्या मध्याला, तीन दिवस बाकी

सोबत : तीन अस्थिपात्रांचे तुकडे, एका पोत्यात. हात जपून घालावा.