चाळीस यार्ड खडी

३ मार्च
आजपासून आमच्या सगुआरो टेरेस सोसायटीत परचेस ऑर्डरशिवाय टाचणीही विकत घेता येणार नाही. ठराव माझा. खजिनदार मीच. फॉर्मही मीच आखला: पांढरी प्रत दुकानदाराला, पिवळी फाइलला, गुलाबी मला. आठवीत शाळा सोडलेल्या माणसाचं हे काम आहे, असं सांगूनही कुणाला पटणार नाही. २७ला निवडणूक. आर्लीन म्हणाली, काहीही कर पण हे पद सोडू नकोस, नाहीतर तू दिवसभर घरात असशील. बायकोचा इतका पाठिंबा कितीजणांना मिळतो?

७ मार्च
क्लबहाउसमधला टॉयलेट पेपर संपला. अध्यक्ष वॉन्डाबाईंनी परस्पर बारा रोल आणले. ऑर्डर नाही. परत करायला लावले. मग रीतसर फॉर्म भरला. तीन सह्या व्हायला चार दिवस लागतील. शेजारचा डग हेवरकँप म्हणाला, "मर्ल, तोवर तुझी पिवळी प्रत जरा मऊ कागदावर छाप." सूचना विचार करण्यासारखी आहे.  

११ मार्च
पोहण्याच्या तलावाच्या कुंपणालगत खडीचा पट्टा टाकायचाय. टेपने स्वतः मोजला, दोनदा. एकशेवीस फूट, म्हणजे चाळीस यार्ड. तसं लिहिलं. खडीवाल्याचा फोन: नक्की चाळीस? मी म्हटलं, लेखी आहे ते अंतिम. फोनवरच्या गप्पांनीच सोसायट्या बुडतात. माल कुठे उतरवायचा, या रकान्यात माझाच पत्ता घातला. डोळ्यांसमोर मोजून घेतलेला बरा.

१७ मार्च, सकाळी ७.१०
ट्रक आला. जरा मोठा वाटतो.

९.४०
हा चौथा. चालवणारी बाई म्हणाली, "आजोबा, खडीचा यार्ड लांब असतो, रुंद असतो आणि उंचही असतो. पडद्याच्या कापडाचा वेगळा." परत न्या म्हटलं. तिने पांढरी प्रत पुढे धरली. तळाला माझ्याच अक्षरात: दिलेल्या ऑर्डरमध्ये कुणीही, कोणत्याही कारणाने बदल करू नये. मजकूर निर्दोष होता. सही केली. गॅरेजचं दार दिसत नाही. आर्लीनची गाडी आत.

२१ मार्च
ढिगावर डगने झेंडा रोवलाय. गाडी अडकल्यामुळे आर्लीनला बाजाराला वॉन्डाबाई नेतात. दोघी गाडीतच बराच वेळ बोलत बसतात. माझं कौतुकच चालू असणार. मतं मोजली: अडतीस घरांपैकी एकतीस पक्की. पुढच्या वीस वर्षांची खडी एका फटक्यात आणणारा खजिनदार यांना दुसरा कुठे मिळेल? 

२७ मार्च
सभा. वॉन्डाबाईंनी आर्लीनचं नाव घेतलं. मला वाटलं, तिने आणलेल्या लिंबाच्या केकबद्दल आभार मानतायत. हात वर केला. सगळ्यांनीच केला. नवी खजिनदार एकमताने निवडून आली.

२८ मार्च
नव्या खजिनदारांची पहिली परचेस ऑर्डर सकाळी माझ्या ताटलीशेजारी होती. वस्तू: फावडं, एक. घमेलं, एक. काम: खडी हलवणे, रोज आठ ते पाच, घराबाहेर. मुदत: संपेपर्यंत. काम कोणी करायचं: मर्ल. चष्मा लावून दोनदा वाचली. चूक सापडली नाही.

दुपारी जेवायला तरी आत येऊ ना, असं विचारलं.

आर्लीनने कागद हातात घेऊन वरपासून खालपर्यंत नीट पाहिला. म्हणाली, "तसा रकाना तू ठेवलेला नाहीस, मर्ल."