सतरा नंबरचा चौकोन

१२ जानेवारी
खुर्चीवर चढून खिडकीच्या फटीत कागद कोंबत होते, तेव्हा माझे वरिष्ठ रूसी, ज्यांना इथे सगळे आदराने 'बाय' रूसी म्हणतात, चीज भरलेली गरम बानित्सा घेऊन आले. लोकांची घरं तापवणाऱ्या कंपनीत थंडी वाजते म्हणायचं नाही, हा पहिला नियम, म्हणाले. राजधानी सोफियाहून आल्यावर इथे सगळं लहान आणि नीट वाटतं. कामही तसंच. पडद्यावर प्रत्येक घराचा एक चौकोन. त्यातलं तापमान कंट्रोलरशी जोडायचं. रेडिएटरचे व्हॉल्व्ह कंट्रोलर चालवतो. जोडणी एकेरी हवी, आकडा फक्त चौकोनाकडे यावा. बाय रूसींनी दोनदा बजावलं. संध्याकाळपर्यंत एकशेवीस चौकोन जोडले.

१५ जानेवारी, शुक्रवार
सतरा नंबरच्या पेन्का आजींचा फोन. घर गार आहे. त्यांच्या चौकोनात शून्य दिसत होतं. सेन्सर बिघडला असेल. मी म्हटलं, "आजी, फक्त आमच्या पडद्यावरचा आकडा चुकलाय."
"आकडा तुझा चुकला असेल पोरी, पाय माझे गारठलेत."
सोमवारी बघते म्हटलं.

१८ जानेवारी
त्यांच्या इमारतीच्या दारावर काळ्या चौकटीत आजींचा फोटो चिकटवलाय, इथे कुणी वारलं की लावतात तसा.
कचेरीत येऊन जोडणी उघडली. सतराची दुहेरी राहिली होती. सेन्सर मुका, चौकोन रिकामा. रिकाम्याचं शून्य झालं, ते उलट कंट्रोलरकडे गेलं, त्याने तेच हवं असलेलं तापमान समजून व्हॉल्व्ह बंद केला. मी एक चिन्ह बदलून ती एकेरी केली. कुणाला सांगितलं नाही. डॉक्टरांनी मृत्यूचं कारण हृदय लिहिलंय.

२१ जानेवारी
सतराच्या चौकोनात ३६.४. घर रिकामं. सेन्सर काढून आणलेला, माझ्याच टेबलावर.
दुपारी ३५.९. थर्मामीटर काखेत धरला.
३५.९.

२२ जानेवारी
बाय रूसींना पत्र लिहायला घेतलं. 'चूक माझी' इथवर आले आणि आकडा चढला. ३६.२. बोटांत ऊब. ओळ पुसली.
३४.८.
जोडणी एकेरी आहे. तीनदा पाहिली. एकेरीच —

२५ जानेवारी
आजींची मुलगी आली होती. आईने शेवटी इथे फोन केला होता का, विचारत होती. मी नोंदी चाळल्यासारखं केलं. नाही म्हटलं.
"मग तिला कळलंच नसेल. झोपेतच गेली असेल."
निघताना हात मिळवला. तिने माझा चटकन सोडला.
३१.० —

२६ जानेवारी
सकाळी बाय रूसींनी घर रिकामं आहे म्हणून सतरा नंबरचा चौकोन पडद्यावरून काढून टाकला. मी थांबा म्हणायला तोंड उघडेपर्यंत तो गेला. काखेतल्या थर्मामीटरवर आता आकडाच नाही, आणि रिकाम्याचं तर शून्य