डोळ्यांच्या गाडीतला दुसरा एसी

चाचा,

मंगळवार पेठेत तुमचं फ्रिज-एसी दुरुस्तीचं दुकान होतं, तिथं आता मोबाईल विकतात. परवा त्या बाजूनं गेले तर दाराशी कोण बसलंय ते वाकून बघितलंच. तुम्ही गेलात त्याला बरीच वर्षं झाली. एक गोष्ट तुम्हाला सांगायची राहून गेली आहे. तोंडानं सांगायची संधी होती तेव्हा सांगितली नाही, म्हणून आता लिहायला बसले आहे.

मी तुमच्याकडे आले ती आयटीआयचं सर्टिफिकेट घेऊन. त्याआधी चार दुकानं फिरले होते. एकानं सरळ विचारलं होतं, "लगीन कधी हाय?" तुम्ही सर्टिफिकेटाकडे बघितलंसुद्धा नाही. "गॅस भरता येतो?" म्हणालात. मी म्हटलं, येतो. "मग हुबी का? त्यो फ्रिज वड हिकडं." तीच माझी मुलाखत. दुपारी मी दुकानाच्या पायरीवर डबा उघडला, तर मागच्या स्वयंपाकघरातून चाची ओरडल्या, "पायरीवर कोण जेवतंय गं? आत ये की!" मी शाहूवाडीकडची, कुठल्या वस्तीतली, हे त्यांना पहिल्या दोन प्रश्नांतच कळलं असणार. त्यांनी स्टोव्हवरच्या पातेल्यातला रस्सा आधी माझ्या ताटात वाढला आणि मग तुमच्या. आमच्या वस्तीतल्या जयंतीच्या आदल्या दिवशी मी सुट्टी मागायच्या आतच तुम्ही म्हणायचात, "उद्या येऊ नगं. मिरवणुकीत नाच जा."

आणि तो निळा बॉयलर सूट, शर्ट-पँट एकत्र शिवलेला. माझी ओढणी एकदा पंख्याच्या पट्ट्यात अडकता अडकता राहिली, तर दुसऱ्या दिवशी तुम्ही मला हाताला धरून टेलरकडे नेलंत. टेलर टेप हातात घेऊन नुसताच उभा. "लेडीजला असला ड्रेस?" तुम्ही म्हणालात, "लेडीजला न्हाय. मिस्त्रीला शिव." मिस्त्री हा शब्द माझ्यासाठी त्या दिवशी पहिल्यांदा कुणीतरी वापरला. तो सूट विरून गेला, तरी त्याचा खिसा मी ठेवलाय.

मग तो उन्हाळा आला. डोळ्यांच्या डॉक्टरबाई आपल्याकडे आल्या, मागं जीपला जोडलेली ती पांढरी ट्रॉली. एका घराएवढी बंद खोली दोन चाकांवर ठेवलेली. पुढच्या भागात तपासणी, मागच्या भागात अंधारखोली. डोळ्यांत औषध घातलेली म्हातारी माणसं तिथं तासभर काळ्या पडद्याआड बसायची. एसी होता, पण एकच आणि पुढं. त्याचा गारवा मधल्या भिंतीपर्यंत पोचायचा आणि तिथंच संपायचा. डॉक्टरबाई म्हणाल्या, "मागच्या आठवड्यात दोन आज्ज्या चक्कर येऊन पडल्या. गाडीत यायलाच घाबरायला लागलेत लोक. सोमवारी शाहूवाडीला शिबिर आहे, त्याआधी मागच्या खोलीत दुसरा एसी पाहिजे." तुम्ही आत जाऊन बसलात, दार लावून घेतलंत आणि घामानं निथळत बाहेर आलात. "ह्यात माणूस न्हाय, अंडं उकडंल," म्हणालात.

त्याच शनिवारी तुमच्या भावाच्या मुलीचं लग्न होतं मिरजेला. जाताना म्हणालात, जनरेटर बघून ठेव, माप घे, मी फोन करतो. आणि संध्याकाळी फोन आला. मागं सनईचा आवाज, तुम्ही ओरडून बोलताय. अजून जसाच्या तसा कानात आहे तो आवाज. "पोरी, एसी चाकाच्या वर बसीव. बाजूच्या भिंतीत. मागं न्हाय. कळ्ळं?" मी म्हणाले, कळलं.

कळलं होतं, चाचा. पण बाजूच्या भिंतीला बाकडं होतं, त्याच्यावर लोखंडी कपाट, ते सगळं तोडावं लागणार होतं. आणि अगदी मागच्या भिंतीत एक खिडकी आयतीच होती, पडदा लावून कायमची बंद केलेली. तिची चौकट थोडी वाढवली की एसी नेमका बसतो. मला वाटलं, तुम्ही ट्रॉली नीट बघितली नाही, तुम्हाला ती खिडकी आठवत नसेल. मला वाटलं, तुम्ही आल्यावर शाबासकी द्याल. रविवारी दुपारपर्यंत मी तो एसी खिडकीत बसवला, खालून लोखंडी कोन दिले, उरलेल्या फटी बंद केल्या. त्याच्या खालीच पाण्याची टाकी होती, ती डॉक्टरबाईंच्या माणसानं भरून ठेवली. दोन्ही एसी चालू केले. अंधारखोली अशी गार झाली की मी तिथंच बाकड्यावर पडून पाच मिनिटं डोळे मिटले.

सोमवारी सकाळी मी जीपमध्ये मागं बसले होते, डॉक्टरबाई पुढं ड्रायव्हरशेजारी. सपाट रस्त्यावर काही जाणवलं नाही. मलकापूरच्या अलीकडे उतार लागला आणि ट्रॉली शेपूट हलवायला लागली. आधी थोडी, मग जास्त. ड्रायव्हर ब्रेक मारतोय आणि ती जीपला डावीकडे, उजवीकडे ओढतेय. "बाई, धरा!" तो ओरडला. मी मागच्या काचेतून बघत होते, एसीचं सगळं वजन चाकांच्या पार मागं लोंबकळतंय, खाली पाण्याची टाकी, आणि त्या ओझ्यानं ट्रॉलीचं पुढचं टोक जीपला वर उचलू बघतंय. तुम्ही 'मागं न्हाय' का म्हणाला होतात, ते मला त्या चार सेकंदांत कळलं. ट्रॉली भाताच्या बांधावर जाऊन आडवी झाली, जीप तिच्यासोबत वळून थांबली. ड्रायव्हरच्या कपाळाला टाके पडले. डॉक्टरबाईंची भिंगांची पेटी फुटली. बाकी सगळे वाचलो. समोरून एसटी आली असती तर मी हे लिहीत नसते.

निरोप मिळताच तुम्ही दुपारी मिरजेच्या लग्नघरातून थेट आलात. ट्रॉलीभोवती एक चक्कर मारलीत. मागच्या भिंतीपाशी थांबलात. मग मला बाजूला घेऊन हळू आवाजात विचारलंत, "मी मागं बसीव म्हणालतो काय गं?"

तुमच्या चेहऱ्यावर खरोखरच प्रश्न होता. माझ्यावर आरोप नव्हता. लग्नाची गडबड, सनई, तुमचं वय. तुम्हाला स्वतःचीच खात्री नव्हती. आणि मी म्हणाले, "व्हय, चाचा."

तुम्ही तसेच डॉक्टरबाईंसमोर गेलात आणि हात जोडलेत. "बाई, चूक माझी. पोरीला मीच सांगितलं हुतं." नंतर तुम्ही माझ्यावर भडकलात, आयुष्यात एकदाच. म्हणालात, "मी म्हणालो म्हणून बसीवलास? तुझं डोस्कं काय गावाला गेलतं? उस्ताद चुकला तर उस्तादाला तोंडावर सांगायचं!" मी रडले, आणि सगळ्यांना वाटलं ओरडा बसला म्हणून रडतेय.

दुसरा एसी तुम्ही स्वतः बसवलात, चाकाच्या वर. बाकडं तोडून, टाकी पुढं सरकवून, मागची खिडकी पत्र्यानं बंद करून. दोन्ही एसी एकदम चालू झाले की जनरेटर गुदमरायचा, म्हणून आधी पुढचा आणि दोन मिनिटांनी मागचा, असं लिहून दाराला चिकटवलंत. पुढच्या शिबिरात एक आज्जी अंधारखोलीतून उठेनात. डॉक्टरबाई घाबरून आत गेल्या, तर आज्जी म्हणाल्या, "झोप लागलीया बाई, उठवू नगासा." तुम्ही तो किस्सा महिनाभर प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगितलात.

पण त्यानंतर तुम्ही छोटी वही ठेवायला लागलात. कुणाला काय सांगितलं ते लिहायचं. एकच गोष्ट तीनदा विचारायची. "माझं आता काय खरं न्हाय, तूच बघ," असं म्हणत मोठी कामं एकेक करून माझ्याकडे दिलीत. लोक म्हणाले, पोरगी हुशार निघाली. चाची म्हणायच्या, "ह्यांना आताशा आठवत न्हाय." मी त्यांच्यासमोर बसून भाकरी मोडत राहायचे. तुमची आठवण शाबूत होती, चाचा. सीपीआर दवाखान्यात तुमच्या शेवटच्या आठवड्यात मी खरं सांगायचं ठरवून आले होते. तुम्ही मला बघून हसलात आणि वॉर्डातल्या नर्सला म्हणालात, "ही आमची मिस्त्री." मी तुमच्या उशाजवळचा तांब्या भरून ठेवला आणि तशीच परत आले.

आता मी आयटीआयमध्ये शिकवते. गाडीत एसी बसवायचा धडा आला की दरवर्षी ही ट्रॉली सांगते, 'एका मिस्त्रीकडून असं झालं' म्हणून. ह्या वर्षी पहिल्यांदा म्हणाले, माझ्याकडून झालं. मग पुढच्या बाकावरच्या मुलीनं विचारलं, "मॅडम, मग उस्ताद काय म्हणाले?"

तुम्ही काय म्हणालात ते मी सगळं सांगितलं. मी काय म्हणाले होते, ते मात्र नाही सांगितलं.